शुद्ध हवेने गोवर टळत नाही

दुर्गम भागातील माणसाला शुद्ध हवा, अंगमेहनत आणि विरळ वस्ती यांचे कवच लाभलेले असते, त्यामुळे लशी आणि तपासण्या हे शहरी रोगट माणसांचे खूळ त्याने घेऊ नये, अशा आशयाचा एक लांबलचक संदेश सध्या फिरतो आहे. माझ्याकडे तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी तो पुसून टाकला. मात्र आरोग्यकेंद्रापासून बऱ्याच अंतरावर राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीने तो वाचून नऊ महिन्यांच्या मुलाची गोवराची लस पुढे ढकलली, तेव्हा गप्प राहणे शक्य उरले नाही.

विरळ वस्तीत साथ पोचत नाही आणि पोचली तरी कष्टाने कसलेले शरीर ती परतवून लावते, हा संदेशातील सर्वांत घातक मुद्दा. त्याची परीक्षा १८४६ सालीच होऊन गेली आहे. उत्तर अटलांटिकातील फेरो बेटांवर मासेमारी आणि मेंढपाळी करणारे लोक राहत असत; त्यांच्यापेक्षा मोकळी हवा आणि खडतर मेहनत कोणाच्या वाट्याला येणार? तेथे ६५ वर्षे गोवर फिरकला नव्हता. त्या वर्षी तो आला आणि सुमारे ७,८०० रहिवाशांपैकी ६,००० हून अधिक जण काही महिन्यांत आजारी पडले. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने वस्त्या-वस्त्यांवर फिरून नोंदी केल्या, तेव्हा १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेल्या वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झालेला आढळला नाही. बाकी सर्वांना तीच हवा, तेच वारे मिळत होते. साथ जितकी वर्षे दूर राहते, तितकी तिला बळी पडू शकणाऱ्यांची संख्या वाढत जाते, आणि मग एक आजारी प्रवासी पुरेसा होतो.

यावर संदेशाचे समर्थक त्याच वृद्धांकडे बोट दाखवून म्हणतील की गोवर एकदा होऊ द्यावा, म्हणजे जन्माची चिंता मिटते. मिटते, पण मूल त्यातून वाचले तर. शिवाय २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की लस न घेतलेल्या मुलांना गोवर झाल्यावर इतर रोगांविरुद्ध आधीच तयार झालेली त्यांची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी रक्तातील प्रथिने, नष्ट झाली. लशीने असे होत नाही.

आजूबाजूच्यांनी लस घेतली की आपण सुरक्षित, हा मुद्दा धनुर्वातापुढे मुळीच टिकत नाही. धनुर्वात माणसाकडून माणसाला होत नाही. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. त्यामुळे शेजाऱ्यांनी घेतलेल्या लशीचा येथे काडीचाही उपयोग नाही, आणि नवजात बाळाला संरक्षण मिळते ते गरोदरपणी आईने घेतलेल्या लशीतून व नाळ स्वच्छ साधनाने कापल्यामुळे.

पूर्वी डॉक्टर नव्हते तरी लोक शंभरी गाठत, असेही म्हटले आहे. शंभरी गाठलेले आजोबा सर्वांच्या स्मरणात राहतात. पाळण्यातच गेलेली त्यांची भावंडे मोजायला कोणी बसत नाही.

तपासण्यांबाबत मात्र एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. काही त्रास नसताना सरसकट सगळे शरीर तपासून घेतल्याने मृत्यू टळतात, असे मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलेले नाही. पण एवढ्यावरून रक्तदाबही मोजू नये, हे कोठून आले? रक्तदाब वाढलेला असूनही बहुतेकांना काहीच जाणवत नाही आणि जगभरातील अशा जवळपास निम्म्या प्रौढांना त्याचा पत्ताच नसतो. दवाखाना दूर असल्यामुळे हे सारे निरर्थक आहे, असे संदेश म्हणतो. वास्तविक वाढलेल्या रक्तदाबामुळे पक्षाघाताचा झटका आल्यावर काही तासांत गाठता येईल असे रुग्णालय ज्यांना नाही, त्यांनीच तो आधी टाळण्याची अधिक काळजी घ्यायला हवी.

मामेबहिणीला मी कळवले आहे की ठरलेली तारीख हुकली म्हणून लस बाद होत नाही. आरोग्यसेविका पुढच्या फेरीला येतील तेव्हा लसीकरणाचे कार्ड घेऊन मुलाला तिने न्यावे.