सगळं गुलाबीच तर आहे

मेडिकलच्या प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोपला डोळा लावला की मला फक्त गुलाबी दिसतं, मधेमधे जांभळे ठिपके, बस. बाकीच्यांना तिथे काय काय दिसतं देव जाणे.

त्वचेच्या पॅथॉलॉजीत, म्हणजे आजारी कातडीचे तुकडे मायक्रोस्कोपखाली बघण्याच्या विषयात, ज्यांनी नावं दिली त्यांच्या कल्पनाशक्तीला सलाम. पेम्फिगस व्हल्गॅरिस या फोडांच्या आजारात म्हणे थडग्यांची रांग दिसते, म्हणजे पेशींची एकमेकींना धरलेली पकड सुटते पण सगळ्यात खालची ओळ तळाला चिकटून तशीच उभी राहते. लायकन प्लेनसमध्ये करवतीचे दात. हेली-हेलीमध्ये पडकी विटांची भिंत. ही माणसाची कातडी आहे का बांधकामाची साइट?

त्यात आनुवंशिक आजार आले की मजले सुद्धा मोजायचे. एपिडर्मोलायसिस बुलोसामध्ये फोड नेमका कुठे फुटला? एपिडर्मिसच्या, म्हणजे कातडीच्या वरच्या थराच्या, तळच्या पेशीतच, तर सिम्प्लेक्स, बहुतेकदा केराटिन ५ किंवा १४ या प्रथिनांची चूक. त्याखालच्या पातळ पडद्याच्या, बेसमेंट मेम्ब्रेनच्या आत, तर जंक्शनल. त्याच्याही खाली, तर डिस्ट्रॉफिक, कोलाजेन ७ या प्रथिनाची चूक. (या बाळांची कातडी नुसत्या घासण्याने सोलते हे वाचलं त्या रात्री घोकंपट्टी झालीच नाही.)

न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा आणखी एक आनुवंशिक आजार तर माझ्या मानगुटीवरच बसला. मोठ्या माणसात १५ मिलिमीटरहून मोठे कॉफीच्या रंगाचे ६ किंवा जास्त डाग, एवढं वाचलं आणि शर्ट काढून आरशासमोर उभा. पाठ दिसेना म्हणून रूममेटला उठवलं, रात्री दोन वाजता, तो शिव्या देत मार्कर घेऊन एकेका डागाभोवती गोल काढत गेला, पाठीवर, हातावर, आणि ११ वर थांबला. मला घाम फुटला. मग त्याने पट्टी लावली. सगळ्यात मोठा ३ मिलिमीटर. "तीळ आहेत रे गाढवा," म्हणून झोपला.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला स्लाइडवर पहिल्यांदाच मला काहीतरी दिसलं! गुलाबीच्या मधोमध स्वच्छ रिकामी जागा, कडेने ठसठशीत काळी रेघ. कातडीच्या वरच्या थराखाली फोड येतो तो आजार आठवला आणि मी छाती फुगवून सांगितलं, "सर, सबएपिडर्मल फोड. बुलस पेम्फिगॉइड."

सर वाकले, बघितलं, परत माझ्याकडे बघितलं.

"हा हवेचा बुडबुडा आहे, कव्हरस्लिपच्या काचेखालचा."

मी गप्प.

"आणि हातावर हे गोल कसले?"

मी बाही खाली ओढली.