ॲम्बॅसडरचं इग्निशन वायरिंग: घाटात मॉड्यूल गेल्याच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही तसंच देतो. माझा ॲम्बॅसडरच्या इग्निशन वायरिंगवरचा लेख न वाचता इथे आलेल्यांसाठी तुमचे आक्षेप आधी सांगतो. पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे यांत्रिक कॉन्टॅक्ट) काढून तेच काम इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलने करणारा डिस्ट्रिब्युटर बसवला, आणि थोड्याच दिवसांत भर उन्हात कन्नड घाटात गाडी बंद पडली. अर्ध्या तासाने आपोआप चालू झाली. पुढच्या खेपेला मॉड्यूल कायमचं गेलं. लेखात कॉइलला बॅटरीवरून थेट करंट देणारं रिलेचं (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचं) वायरिंग दिलं होतं. ते तुम्ही केलं नाही, कारण मीटर लावल्यावर कॉइलवर, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीवर, १२.३ व्होल्ट दिसले. म्हणजे जुनी वायर ठणठणीत आणि रिले हा फुकटचा खटाटोप. दुकानदाराने जोडीला दिलेली ‘जोरदार’ कॉइल लावूनही फरक पडला नाही. पॉइंट असते तर पॉलिश पेपर मारून घरी आला असता, हा तुमचा शेवटचा मुद्दा.

आधी ते १२.३ व्होल्ट. चावी ऑन, इंजिन बंद आणि पॉइंट उघडे, किंवा मॉड्यूलने कॉइलचा करंट तोडलेला, अशा वेळी कॉइलमधून करंट वाहतच नाही. करंट नाही तर वायरीत व्होल्टेज पडत नाही. एकच तार शाबूत राहिलेल्या वायरवरही मीटर पूर्ण १२.३ दाखवेल. म्हणून मोजायचं ते लोडवर, म्हणजे करंट वाहत असताना. मॉड्यूलच्या दोन्ही वायरी कॉइलवरून सोडवा. चावी बंद असतानाच कॉइलची निगेटिव्ह बाजू जाड वायरने इंजिन ब्लॉकला जोडा. मीटरची काळी पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर आणि लाल पिन कॉइलच्या पॉझिटिव्हवर धरा. मग चावी ऑन करून पाच-दहा सेकंदांत रीडिंग घ्या. चावी बंद केल्याशिवाय ती ब्लॉकची वायर उचलू नका, उचललीत तर कॉइल झटका मारते. त्याच अवस्थेत बॅटरीच्या दोन पोलांवरचं रीडिंगही घ्या. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपर्यंत फरक असेल तर वायरिंग चांगलं. जुन्या ॲम्बॅसडरमध्ये दीड-दोन व्होल्ट गायब असणं नवलाचं नाही. चावीच्या स्विचमधले झिजलेले कॉन्टॅक्ट, फ्यूजबॉक्सच्या गंजलेल्या पट्ट्या आणि गोल पिनांचे जोड मिळून ते खातात.

हिशेब करून बघा. या सगळ्या वाटेत ०.६ ओहम रेझिस्टन्स आहे असं धरा, बॅटरी १२.४ व्होल्ट आणि मूळची कॉइल ३ ओहमची. करंट साधारण ३.४ अँपिअर आणि कॉइलला मिळतात १०.३ व्होल्ट. वाट साफ असती तर चार अँपिअर मिळाले असते. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे एवढ्यानेच ठिणगीची चौथाईपेक्षा जास्त ताकद गेली. सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊ-दहावर उतरते तेव्हा ही तूट आणखी जाणवते, आणि सकाळी गाडी घरघर करत राहते.

आता ती जोरदार कॉइल. मॉड्यूल जाण्यामागे माझा पहिला संशय तिच्यावर आहे. मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा, पिना एकमेकींना टेकवून आलेला आकडा वजा करा आणि कॉइलच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हमध्ये मोजा. ३ ओहमच्या आसपास आलं तर ठीक. दीड ओहम आलं तर ती बॅलस्ट रेझिस्टरसोबत (कॉइलच्या आधी बसवून करंट आवरणाऱ्या रेझिस्टरसोबत) वापरायची कॉइल आहे आणि ती थेट १२ व्होल्टवर लावायची नसते. तुमच्या जुन्या वायरिंगमध्ये तिने सहा अँपिअरच्या जवळपास ओढले असतील आणि तिच्यापर्यंत नऊ व्होल्टही पोचले नसतील. म्हणून पिकअपमध्ये फरक दिसला नाही, पण मॉड्यूलमधल्या ट्रान्झिस्टरवरचा ताण दीडपटीहून जास्त झाला. त्यात कोणी इंजिन बंद करून चावी ऑन ठेवून रेडिओ ऐकत बसलं असेल तर बरीच साधी मॉड्यूल करंट तोडत नाहीत. तीन ओहमच्या कॉइलमध्येही अशा वेळी पन्नास वॅट उष्णता सतत तयार होते, म्हणजे बोनेटखाली सोल्डरिंगची इस्त्री चालू ठेवल्यासारखं. रेडिओला वेगळी, चावीच्या अलीकडून येणारी लाइन द्या.

एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. कॉइल दीड ओहमची असताना रिले लावलात तर वाटेतला अडथळा निघून करंट आठ अँपिअरवर जाईल आणि नवं मॉड्यूल पहिल्यापेक्षा लवकर जाईल. आधी कॉइल बदला, मगच रिले. बॅलस्ट ठेवायचाच असेल तर मॉड्यूलची लाल वायर बॅलस्टच्या अलीकडे, चावीच्या बाजूला जोडा, म्हणजे त्याला पूर्ण व्होल्टेज मिळतं.

रिलेचं काम तासाभराचं आहे. चार पिनांचा साधा १२ व्होल्टचा रिले मोंढ्यातल्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. ३० नंबरला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज. ८७ वरून तशीच वायर कॉइलच्या पॉझिटिव्हला. मॉड्यूलची लाल वायरही तिथेच. कॉइलला आधी येणारी चावीची जुनी वायर ८६ ला, आणि ८५ बॉडीला, पण रंग खरवडून. आता जुन्या वायरवर फक्त रिलेच्या गुंडाळीचा पाव अँपिअरपेक्षा कमी करंट उरतो, त्यामुळे चावीचा स्विचही टिकतो. वायर गाडीची, बारीक तारांची घ्या. घरच्या फिटिंगची नको. जोड क्रिम्प करून (टर्मिनल पकडीने दाबून) वर हीटश्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी, स्लीव्ह चढवा. पिळून टेप गुंडाळलेला जोड आपल्याकडच्या मे महिन्यात टिकत नाही, गोंद वितळून टेप सरकते. रिले आतल्या मडगार्डच्या पत्र्यावर, पिना खाली करून बसवा.

रिले लावल्यावर एक विचित्र प्रकार होऊ शकतो: चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहतं. चार्जिंगच्या लाल दिव्यातून अल्टरनेटरचा करंट उलटा चावीच्या लाइनवर येतो. आधी कॉइल चार अँपिअर ओढायची, त्यापुढे दिव्यातून येणारा करंट काहीच नव्हता. रिलेला मात्र तेवढाही पुरतो आणि तो सुटत नाही. उपाय म्हणजे दिवा ते अल्टरनेटर या वायरमध्ये करंट एकाच दिशेने जाऊ देणारा १एन४००७ डायोड, त्यावरच्या पट्ट्याची बाजू अल्टरनेटरकडे. उलटा बसला तर दिवा लागणारच नाही, म्हणजे चूक लगेच कळते.

डिस्ट्रिब्युटरच्या आतली चकती आणि बॉडी यांना जोडणारी छोटी लवचिक वायर तुटलेली असेल तर मॉड्यूलला अर्थिंग मिळत नाही आणि मिसफायर येतं. इंजिन ते चासी ही पट्टीही बघा. सेल्फ मारताना डिस्ट्रिब्युटरची बॉडी आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त येऊ नये. पॉइंटचा जुना कंडेन्सर काढून टाका. तांब्याच्या एचटी (ठिणगीचं उच्च व्होल्टेज नेणाऱ्या) वायरी मॉड्यूलला गोंधळात टाकतात, रेझिस्टन्सवाल्या लावा. गाडी डायनॅमोची, फार जुनी असेल तर बॅटरीचा कुठला पोल बॉडीला आहे ते आधी पाहा. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीवर निगेटिव्ह अर्थचं मॉड्यूल पहिल्या चावीलाच जातं. ठिणगीचं टायमिंग स्ट्रोबने (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने) नव्याने लावावं लागतं, व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद करून.

घाटात पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा दोष मॉड्यूलचाच होता, हे मात्र ठरवता येत नाही. त्या चढावर, त्या उन्हात पेट्रोलची वाफ होऊन पंप रिकामा चालणं ॲम्बॅसडरला नवीन नाही, आणि अर्ध्या तासाने थंड झाल्यावर तेव्हाही गाडी आपोआप चालू होते. पुन्हा असं झालं तर थांबल्या थांबल्या दोन गोष्टी बघा, थंड झाल्यावर नाही. कॅपच्या मधली वायर जास्तीच्या प्लगला लावा, प्लगची बॉडी ब्लॉकला घट्ट टेकवा आणि सेल्फ मारायला सांगा. वायर हवेत मोकळी सोडू नका, मॉड्यूल आणि कॉइल दोन्हींना धोका असतो. ठिणगी निळी, कडक असेल तर इग्निशन निर्दोष. मग एअर क्लीनर काढून ॲक्सिलरेटर दाबा. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची धार दिसली नाही तर दोष इंधनाचा. ठिणगी नसेल तर कॉइलला हात लावून पाहा. हात ठेववत नसेल तर वरच्या ओहमच्या मुद्द्याचा संशय बळावतो.

आणि पॉइंट. रस्त्यावर पॉइंटची दुरुस्ती सोपी आहे हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. जिंतूर-हिंगोली रस्त्यावर मॉड्यूल मिळणार नाही. म्हणून जुनी चकती पॉइंट आणि कंडेन्सरसह, गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटरला लावून, डब्यात घालून डिकीत ठेवा. फीलर गेज (गॅप मोजायच्या पट्ट्या) आणि स्क्रूड्रायव्हर सोबत. तुमचं किट जुन्या लुकास कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीतच बसणारं असेल तर अदलाबदल अर्ध्या तासात होते. पूर्ण डिस्ट्रिब्युटर बदलला असेल तर जुना अख्खाच जवळ ठेवा आणि काढण्याआधी रोटर (कॅपखाली फिरणारा भाग) कुठे बघतो त्याची खूण बॉडीवर करा. पॉइंटवर परतलात तरी रिलेचं वायरिंग काढू नका, पॉइंटलाही त्याचा तितकाच फायदा आहे.

नवं मॉड्यूल घेण्याआधी तीन आकडे इथे टाका: कॉइलचे ओहम, लोडवरचं कॉइलचं व्होल्टेज आणि त्याच वेळचं बॅटरीचं. ते आले की कॉइल बदलायची की फक्त वायरिंग, हे नेमकं सांगता येईल.