पायरीच्या अलीकडे

पर्वतीच्या 103 पायऱ्यांचं मला काही वाटत नाही. माझा जीव निघतो तो पहिल्या पायरीच्या अलीकडे.

आमच्या सोसायटीत एक सर आहेत. जन्मभर शाळेत पीटी शिकवून निवृत्त झाले आणि आम्ही चार-पाच ढेरपोटे गृहस्थ त्यांना आयते सापडलो. वॉर्मअपशिवाय पायरीला पाय लावायचा नाही, हा त्यांचा दंडक. नानासाहेब पेशव्यांनी वर देवदेवेश्वराचं देऊळ बांधलं, पण खाली घोटे फिरवायला म्हणून जागा काही सोडली नाही. त्यामुळे आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेतच कंबर फिरवतो. परवा एक आजी नातवाला म्हणाल्या, "थांब रे, काकांचं होऊ दे."

शास्त्र सरांच्या बाजूचं आहे, ही खरी पंचाईत. हालचालीने स्नायूंत रक्त खेळतं, ते गरम होतात, मग नीट काम करतात. त्यात आमच्यातला आयटीवाला पोरगा वाचून आला की, आधीच पाय ताणून फार वेळ धरला तर उलट ताकद थोडी कमी होते. पाय झुलवा, गुडघे उचला. सर म्हणाले, आम्ही हयातभर ताणले. वाद रंगला आणि पुणेरी तोडगा निघाला: दोन्ही करायचं. मला कोणी विचारलं नाही.

मग चढतो, उतरतो. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खाली आल्यावर कठड्यावर टेकावं, तर सरांची आरोळी, "बसायचं नाही!" पोटऱ्यांचे स्नायू पायातलं रक्त वर ढकलत असतात, एकदम थांबलात तर ते खालीच साचतं आणि चक्कर येते. म्हणून सावकाश फेऱ्या मारायच्या. फेऱ्यांची वाट नेमकी पोह्यांच्या गाडीवरून जाते. तो झाकण काढतो, वाफ निघते, वर खोबरं-कोथिंबीर पडते आणि आम्ही तोंड फिरवून पुढे. तोही आता तयार झालाय. आमची चाल मंदावली की न विचारता बशा मांडतो.

एवढं सोवळं पाळूनही, दिवाळीच्या महिनाभराच्या खाड्यानंतर गेलो तर मांड्या धरल्या. त्याही लगेच नाही, दोन दिवसांनी, मेहुण्याच्या सत्यनारायणाला. सतरंजीवर मांडी घालून बसलो खरा, पण आरतीला सगळे उठले आणि मी जागच्या जागी टाळ्या वाजवत राहिलो. भटजींना वाटलं, तल्लीन झालेत. प्रसाद हातात आणून दिला.

सरांना जाब विचारला. त्यांनी व्यायामात स्नायूंत तयार होणाऱ्या लॅक्टिक अ‍ॅसिडवर ढकललं. आयटीवाला म्हणाला, ते तासा-दोन तासांत निघून जातं. नंतरच्या सावकाश फेऱ्यांनी, म्हणजे कूलडाऊननेही, या दुखण्यात फारसा फरक पडत नाही. खरं दुखणं उतरण्यात आहे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्याला बारीक इजा होते आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकते.

म्हणजे चढणं निर्दोष! मी लगेच ठराव मांडला की चढायचं तेवढं ठेवू, उतरणं रद्द करू. वरच राहू, पोहे मागवू.

सर गंभीर झाले. बराच वेळ विचार करून म्हणाले, "उद्यापासून उतरायच्या आधी वेगळा वॉर्मअप."