खोलीचे फोटो नकोत, आधी नळ दाखवा

मोठा सामना, महोत्सव, संमेलन जवळ आलं की तात्पुरत्या हॉटेलांच्या जाहिराती दिसायला लागतात. पांढरीशुभ्र गादी, उशाशी पिवळा दिवा आणि खाली ओळ: 'मैदानापासून चालत पाच मिनिटं'. मी या कल्पनेच्या बाजूने आहे, हे आधीच सांगून टाकतो. पंधरा दिवसांच्या गर्दीसाठी कायमच्या इमारती उभ्या करायच्या आणि मग वर्षानुवर्षं रिकाम्या खोल्यांची धूळ झटकत बसायचं, यात कसलं आलंय शहाणपण? पण जाहिरातीत फक्त खोली दिसते, आणि खोली हा या धंद्यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

४० फुटी कंटेनर घ्यायचा, पार्टिशन घालून खोल्या पाडायच्या, प्रत्येकीत छोटं बाथरूम बसवायचं, ट्रकने आणून क्रेनने एकावर एक रचायचं. कंटेनरची बाहेरची रुंदी ८ फूट. आतून उष्णतारोधक थर लावला की उरते सातेक फूट. रात्री झोपायला येणाऱ्याचं तेवढ्यात भागतं. तक्रार तिथे नाहीच.

आता जरा हिशोब करू. ५०० खोल्या, प्रत्येकीत दोघं, माणशी रोज १०० लिटर पाणी. झालं एक लाख लिटर! म्हणजे १० हजार लिटरचे १० टँकर रोज आत, आणि जवळजवळ तेवढंच सांडपाणी रोज बाहेर. त्यात मेख अशी की एरवी हॉटेलात कोणी सहाला उठतं, कोणी दहाला. इथे सगळ्यांचा कार्यक्रम एकाच वेळी सुरू, म्हणून हजार माणसं एकाच तासात अंघोळीला. रात्री सगळे एसी एकदम चालू. रिसेप्शनवर रांगही एकदमच. जनरेटर खोल्यांना खेटून ठेवला असेल, तर झोपेचं नाव काढू नका.

कतारमध्ये २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात हेच झालं. चाहत्यांसाठी केबिनांची आख्खी गावं वसवली होती, भाडं रात्रीला सुमारे २०० डॉलर. स्पर्धा सुरू झाली तरी काही ठिकाणी काम अर्धवट होतं. लोक चावीसाठी ताटकळले आणि शेवटी आयोजकांना पैसे परत द्यायची तयारी दाखवावी लागली. एवढा पैसा ओतूनही!

गंमत पुढेच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तान-सीरियात भूकंप झाला, तेव्हा कतारने याच प्रकारच्या १० हजार केबिन आणि कॅराव्हॅन तिकडे पाठवायचं जाहीर केलं. त्याच्या उलट, २०१७ साली बहामात फायर फेस्टिव्हल या संगीत महोत्सवाच्या पाहुण्यांना आलिशान व्हिलांचं स्वप्न विकून प्रत्यक्षात आपत्तीग्रस्तांसाठीचे तंबू दिले गेले. तंबू वाईट नव्हते हो, ज्या कामासाठी बनवले त्यासाठी ठीकच असतील. थाप वाईट होती.

मला यात मक्केजवळचं मिना सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. हजच्या मोजक्या दिवसांपुरती लाखो माणसं तिथे राहतात. १९९७ मध्ये तिथल्या तंबूंना आग लागून ३४३ जण गेले. त्यानंतर टेफ्लॉनचा लेप दिलेल्या, आग न धरणाऱ्या फायबरग्लासच्या तंबूंची वस्ती कायमची उभारली गेली. वस्ती थोड्या दिवसांची, पण तिच्या आधाराची सोय बारमाही. मला म्हणायचंय ते एवढंच: खोल्या येऊ-जाऊ द्या, पण नळ, गटार, विजेच्या केबल आणि अग्निशमनाची गाडी जाईल एवढा रस्ता मैदानाबरोबरच कायमचा करा.

नाहीतर हा धंदा टिकतही नाही. ब्रिटनमध्ये स्नूझबॉक्स नावाची कंटेनर-हॉटेलांची कंपनी होती. २०१२ मध्ये शेअर बाजारात उतरली आणि काही वर्षांतच तिला गाशा गुंडाळावा लागला. मला यात नवल वाटत नाही. फिरत्या खोलीला दोन कार्यक्रमांच्या मधल्या दिवसांचं भाडं कोण देणार? शिवाय दर वेळी क्रेन, ट्रक, जोडणी, पुन्हा सोडणी. जमिनीखालची सोय तयार मिळाली, तर यातला निदान जोडणीचा खर्च तरी उतरेल.

तोवर बुकिंग करताना गादीचे फोटो बघू नका. पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, जनरेटर खोलीपासून किती लांब आहे, आणि खोली तयार नसेल तर पैसे किती दिवसांत परत, हे लेखी मागा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर लांबचं का होईना, पक्कं हॉटेल घ्या आणि बसने या.