जंतूंची शस्त्रं शिकवणारी पदवी? मुळातच चूक

बायोडिफेन्स (म्हणजे जंतूंच्या हल्ल्यांपासून बचाव) आणि जैवसुरक्षा या विषयांतल्या पदव्युत्तर शिक्षणाबद्दल एक मजकूर बरेच दिवस फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हे अभ्यासक्रम जंतूंची शस्त्रं कशी बनवायची ते शिकवतात, तिथे प्रयोगशाळेतल्या माणसांखेरीज कुणाचं काम नाही, आणि 1972 च्या करारानं जैविक शस्त्रांवर बंदी आल्यामुळे ही पदवी आता निरर्थक आहे. तिन्ही मुद्दे चुकीचे आहेत. मला सगळ्यात जास्त राग येतो तो दुसऱ्याचा, कारण तो वाचून ज्यांची इथे खरी गरज आहे असे विद्यार्थी मागे फिरतात.

पहिला मुद्दा लवकर निकालात निघतो. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात बायोडिफेन्समध्ये एम.एस. आणि पीएच.डी. करता येते, आणि हा अभ्यासक्रम सार्वजनिक धोरण आणि शासन शिकवणाऱ्या विद्याशाखेत चालतो. एकच ज्ञान लशीलाही लागतं आणि घातपातालाही, हे खरंच आहे. पण कोणतं संशोधन कुणाच्या देखरेखीखाली व्हावं, त्यातलं काय छापावं आणि काय रोखावं, हा पेचच तर तिथे शिकायचा असतो.

आता दुसरा मुद्दा. एप्रिल 1979 मध्ये सोव्हिएत संघातल्या स्वेर्दलोव्स्क शहरात, म्हणजे आजच्या येकातेरिनबर्गमध्ये, अँथ्रॅक्सची साथ आली. आपण ज्याला काळपुळी म्हणतो, तोच हा आजार. किमान 66 माणसं गेली. दूषित मांस खाल्ल्यामुळे हे झालं, असं सरकारनं सांगितलं. मॅथ्यू मेसेल्सन यांच्यासारख्या नामवंत जीवशास्त्रज्ञालाही तो खुलासा बरीच वर्षं पटण्याजोगा वाटत होता. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, 1992 मध्ये, तेच एक पथक घेऊन तिथे गेले.

त्या पथकात जीन गिलेमिन होत्या. त्या समाजशास्त्रज्ञ. त्यांनी मृतांच्या घरी जाऊन विचारलं, तुमचा माणूस त्या दिवसांत कुठे होता? कामाला कुठे जायचा, कोणत्या पाळीत? दफनभूमीतल्या दगडांवरची नावं आणि तारखाही तपासल्या. हे सगळं नकाशावर मांडलं तेव्हा 2 एप्रिलला दिवसा बहुतेक जण एका अरुंद पट्ट्यात होते असं दिसलं. पट्ट्याच्या एका टोकाला लष्करी तळ. विमानतळाच्या जुन्या नोंदींतून त्या दिवशीच्या वाऱ्याची दिशा काढली, ती जुळली. त्याच रेषेत पुढच्या गावांमध्ये जनावरंही दगावली होती. फाइना अब्रामोवा आणि लेव्ह ग्रिनबर्ग या स्थानिक डॉक्टरांनी शवविच्छेदनाचे नमुने आणि टिपणं इतकी वर्षं लपवून जपली होती. जंतू श्वासावाटे शरीरात गेले, हे त्यांवरून कळलं. मांसाची कहाणी तिथेच संपली: जंतू त्या लष्करी तळावरूनच हवेत सुटले होते. निष्कर्ष 1994 मध्ये प्रसिद्ध झाले.

यात सूक्ष्मदर्शकाचं काम किती आणि माणसांशी बोलण्याचं, कागद वाचण्याचं किती, ते मोजून बघा. गिलेमिन नसत्या तर हा नकाशा कुणी आणि कसा काढला असता?

सैन्याबाहेर याचा उपयोग काय, असंही त्या मजकुरात जाता जाता विचारलंय. 1984 मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये रजनीशपंथीयांनी उपाहारगृहांतल्या सॅलडमध्ये साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू मिसळले आणि 751 जण आजारी पडले. आरोग्य अधिकाऱ्यांचा संशय आधी अन्न हाताळणाऱ्यांच्या अस्वच्छतेवर गेला. नैसर्गिक साथ आणि मुद्दाम घडवलेली साथ यांतला फरक ओळखणं हे नागरी आरोग्य यंत्रणेचंच काम आहे.

राहता राहिला करार. तो 1972 मध्ये सह्यांसाठी खुला झाला, 1975 मध्ये अमलात आला. सोव्हिएत संघानं सही केली आणि त्यानंतरच जैविक शस्त्रांचा आपला गुप्त कार्यक्रम प्रचंड वाढवला. स्वेर्दलोव्स्कची घटना करार लागू असतानाची आहे, हे त्या मजकुराच्या लेखकानं पाहिलेलंच दिसत नाही. रासायनिक शस्त्रांच्या करारामागे स्वतःचे निरीक्षक असलेली संस्था आहे. जैविक शस्त्रांच्या करारामागे तशी नाही. पडताळणीची व्यवस्था उभारायच्या वाटाघाटी 2001 मध्ये फिसकटल्या. जिनिव्हात या कराराचं दैनंदिन काम बघणारा विभाग आजही मूठभर माणसांचा आहे. सही केलेला देश शब्द पाळतोय की नाही हे कशावरून ओळखायचं, या प्रश्नाला अजून सर्वमान्य उत्तर नाही, आणि या पदव्यांच्या वर्गांत त्याच्यावरच काम चालतं.