तासाला तीन जीबी हा हिशोब कुठून आला?

लग्नाचा सीझन आला की एक मेसेज फिरायला लागतो, यंदा मला चार जणांनी पाठवला. त्यात लिहिलंय की एक तासाचा फुल एचडी व्हिडिओ म्हणजे तीन जीबी, फाइल त्याहून लहान असेल तर शूटिंगवाल्याने मधलं कापलंय, फाइल जेवढी मोठी तेवढी क्वालिटी चांगली, फाइल तुकड्यांत मिळाली तर मधे कॅमेरा बंद होता, म्हणून उरलेले पैसे द्यायच्या आधी साइज बघा. मी सोळा वर्षं लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतोय आणि ह्या मेसेजपायी गेल्या सीझनला एक काका माझ्याकडे पेनड्राइव्ह परत घेऊन आले. मुलीचं लग्न, अडीच तासांची फाइल, साइज साडेचार जीबी. नवरदेवाकडच्या शूटिंगवाल्याची पण अडीच तासांचीच, ती नऊ जीबी. "अहो, अर्धं लग्न कुठे गेलं?" असं विचारताना त्यांचा आवाज कापत होता. मला राग त्यांचा नाही आला, त्या मेसेजचा आला.

आता एकेक मुद्दा घेतो.

तासाला तीन जीबी. फाइलची साइज ठरते ती बिटरेटवर, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा लिहिला जातोय त्यावर. आपल्याकडे नळाला तासभर पाणी येतं, पण त्या तासात किती हंडे भरतील हे धार केवढी आहे त्यावरच ना? तसंच हे. बिटरेट गुणिले सेकंद, भागिले आठ, कारण आठ बिटचा एक बाइट. काकांची फाइल दर सेकंदाला 4 मेगाबिटची होती, अडीच तास म्हणजे 9000 सेकंद, 36000 मेगाबिट झाले, आठाने भागा, 4500 एमबी. हेच साडेचार जीबी. दुसरी फाइल 8 मेगाबिटची, म्हणून बरोब्बर दुप्पट. वेळ दोन्हीकडे तेवढीच.

असा ठोकळा हिशोब लोकांच्या डोक्यात का बसला ते मला कळतं, कारण एकेकाळी तो चालायचा. व्हीसीडी आठवतात का, पिक्चर दोन सीडीत यायचा, लांब असेल तर तीन. त्यात बिटरेट ठरलेलाच होता, व्हिडिओला 1150 किलोबिट आणि आवाजाला 224, म्हणून मिनिटाला साधारण 10 एमबी आणि एका डिस्कमध्ये 74 मिनिटं. नंतर आम्ही मिनी डीव्ही कॅसेटवर शूट करायला लागलो, तिथे पण रेट फिक्स, एक तासाची कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली की साधारण 13 जीबी, मग लग्नात काहीही घडो. म्हणजे बघा, रेट फिक्स होता त्या काळात सुद्धा एक तास म्हणजे एकीकडे 600 एमबी आणि दुसरीकडे 13 जीबी! तीन जीबी हा आकडा तेव्हाही कुठे नव्हता.

आजही एकच फोन आणि एकच सेटिंग असेल तर अंदाज बांधता येतो, हे मान्य. आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं, 1080पी 30 फ्रेमला मिनिटाला साधारण 60 एमबी, 4के 30 ला 170. पण तो त्या फोनचा, त्या सेटिंगचा अंदाज झाला, दुसऱ्याच्या फाइलला तो लावता येत नाही.

लहान फाइल म्हणजे कापलेली फाइल. ह्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण माणसाच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवलं जातं ते इथेच. कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत, प्रत्येक फ्रेम (व्हिडिओतलं एकेक चित्र) पूर्ण साठवत नाही, आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच बहुतेक वेळा लिहितो. गुरुजी संकल्प सांगतायत, नवरानवरी पाटावर बसलेत, मागचा पडदा जागचा हलत नाही, तिथे लिहायला फारसं काही नसतं. आणि मग "शुभमंगल सावधान" होतं, चारी बाजूंनी अक्षता उडतात, प्रत्येक दाणा प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी, वर फ्लॅशचा लखलखाट, तेवढ्या काही सेकंदांत बिटरेट एकदम वर जातो. होमाचा धूर, वरातीतले फिरते लाइट, कारंजं, सगळं असंच डेटा खाणारं. त्यामुळे क्वालिटी ठरवून रेंडर केलं, म्हणजे शेवटची फाइल बनवली, तर दहा मिनिटांची वरात दहा मिनिटांच्या पूजेपेक्षा कितीतरी मोठी होते, आणि दोन्हीत एक सेकंदही कापलेला नसतो.

कापलंय की नाही हे बघायचं तर वेळ बघा आणि प्रसंग बघा. मी काकांना शेजारी बसवलं, व्हीएलसी ह्या व्हिडिओ प्लेअरमध्ये फाइल लावली, सीमांतपूजन, मंगलाष्टकं, कन्यादान, सप्तपदी, पाठवणी, सगळं पुढे सरकवत दाखवलं. पाठवणीला ते रडले, मग उठून माझा हात हातात घेतला.

मोठी फाइल म्हणजे क्वालिटी चांगली. कोडेक एकच असेल तर काही प्रमाणात खरं, पण एका मर्यादेपर्यंतच. एच.264 आला 2003 ला, एचईव्हीसी 2013 ला, आणि नवा कोडेक साधारण निम्म्या बिटरेटमध्ये जवळपास तसंच चित्र देतो. माझी फाइल एचईव्हीसी होती, नवरदेवाकडची एच.264, एवढाच फरक. आणि उलटंही करता येतं, खराब झालेली लहान फाइल घेऊन 20 मेगाबिटला परत रेंडर करा, साइज फुगेल, चित्र तसंच पुसट राहील. गेलेला तपशील परत येत नाही. मेसेज वाचून साइज बघणाऱ्या गिऱ्हाइकाला असं कोणीही फसवू शकतो, ह्याचं मला जास्त वाईट वाटतं.

तुकडे. फॅट32 ह्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या मेमरी कार्डावर एक फाइल 4 जीबीच्या वर जाऊच शकत नाही, म्हणून कॅमेरा स्वतःच नवी फाइल सुरू करतो, शूटिंग चालूच असतं. 50 मेगाबिटला तुकडा साडेअकरा मिनिटांच्या आत पडतो, 25 ला तेवीसच्या आसपास. साइज तीच आणि वेळ दुप्पट, आमच्या रोजच्या कार्डावरच हे दिसतं.

एमपी4 केलं की साइज कमी होते असंही खाली कोणीतरी जोडलंय. एमपी4 हा डबा आहे, आत काय भरलंय त्याने वजन ठरतं. एमकेव्ही ह्या दुसऱ्या डब्यामधून एमपी4 मध्ये नुसतं हलवलं तर साइज जवळजवळ तेवढीच राहते.

काकांचा एक प्रश्न मात्र रास्त होता, घरच्या जुन्या टीव्हीवर फाइल का चालत नाही. तो टीव्ही एचईव्हीसी वाचतच नव्हता, आणि हे मी आधी विचारायला हवं होतं. त्यांना एच.264 मध्ये परत काढून दिली, ती झाली नऊ जीबी, लग्न तेच अडीच तासांचं. आता पेनड्राइव्ह देताना टीव्ही कुठला, किती जुना हे मी आधी विचारतो, आणि वेळ, कोडेक, बिटरेट कागदावर लिहून सोबत देतो.