नगरच्या छावणीतला हॅरर आणि रतनगडावरचं रॉकेल

"आल्प्समधल्या आयगर शिखराची उत्तर भिंत पहिल्यांदा सर करणाऱ्या चौघांतला माणूस आहे हा हॅरर. १९३८! विषय संपला," बंट्या म्हणाला. बंट्या कट्ट्यावर बसत नाही. एक पाय दगडावर ठेवून उभा राहतो, जणू समोर कळसूबाईचं शिखर आणि फोटोवाला आहे.

मास्तरांनी चहाचा घोट घेतला. "त्याच वर्षी तो एसएसमध्येही गेला, हिटलरच्या नाझी पक्षाच्या गणवेशधारी दलात. विषय तिथं सुरू होतो."

हाइनरिक हॅरर या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाचं तिबेटवरचं पुस्तक महिनाभर आमच्यात फिरतंय. माझ्या हाती आलं तेव्हा कडेवर चहाचा डाग होता. तो कुणाचा, हा वाद वेगळा.

"गिर्यारोहकाला राजकारण नसतं हो, मास्तर. तो डोंगर बघतो."

"डोंगर बघायला गणवेश लागत नाही."

वकील मध्ये पडला. "साक्षीदार कसाही असो, साक्ष तपासायची असते. चिनी फौजा यायच्या आधीचं ल्हासा आत राहून, लोकांची भाषा शिकून लिहिणारे परके किती? ते गांडुळाचं पान आठवा."

ते पान मी दोनदा वाचलं. बांधाचं काम चालू आहे आणि फावड्यावर गांडूळ आलं की एकच गलका. माती बाजूला घ्यायची, जीव सुखरूप जागी ठेवायचा, मग पुढचं फावडं. आता ते ल्हासाही राहिलं नाही, म्हणून हे पुस्तक जपलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

"साक्ष खरी आहे, राग त्याचाच येतो," मास्तर म्हणाले. "भुकेचं सांगतो, थंडीनं बधिरलेल्या पायांचं सांगतो, काही लपवत नाही. कोवळ्या वयाचा दलाई लामा त्याला जगाबद्दल विचारतोय. आणि हा स्वतःबद्दल गप्प, थेट १९९७ पर्यंत! तेही जर्मन साप्ताहिकानं कागद बाहेर काढले म्हणून."

"चूक झाली म्हणाला ना!"

"चौऱ्याऐंशीव्या वर्षी. बंट्या, त्या पुस्तकात आपलं नगर आहे, गणवेश नाही."

यावर कुणी बोललं नाही. नगरचं आम्हा सगळ्यांनाच अप्रूप आहे. १९३९ साली नंगा पर्बतवरून परतताना युद्ध पेटलं, इंग्रजांनी पकडून पहिल्यांदा आणलं ते इथल्या छावणीत. इथून पोर्तुगीजांच्या गोव्यात पळायचा बेत होता. पुढे डेहराडूनला हलवलं आणि तिबेट डोक्यात शिरलं. एप्रिल १९४४ मध्ये तारेबाहेर, जानेवारी १९४६ मध्ये ल्हासात.

"गोव्यात गेला असता तर काजूवर लिहिलं असतं," बंट्या म्हणाला.

"तू जाऊन काय लिहिलंस?" वकिलानं विचारलं. "आणि कबुलीचा विषय निघालाच आहे, तर रतनगड."

"ते जुनं झालं रे."

"बारा वर्षं! गुहेत आम्ही सहा जण कच्चे तांदूळ चावत बसलो. तू म्हणालास, रॉकेलचा कॅन माकडांनी नेला."

"माकडं होतीच तिथं."

"रॉकेल पितात का?" मास्तरांनी विचारलं.

बंट्यानं दगडावरचा पाय पहिल्यांदाच खाली घेतला. "शिडीवर हातातून सुटला. बास?"

मास्तरांना हसताना ठसका लागला. वकिलानं ओरडून टपरीवाल्याला सांगितलं, आजचे सगळे चहा बंट्याच्या खात्यावर.

"आणि तो पुस्तकावरचा डाग?" मी विचारलं.

"तो माझा नाही," बंट्या म्हणाला. "आईशप्पथ."

मास्तर कपात बघत बसले.